पाण्याची भर आणि पाण्याचा बदल



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटले की मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. घर अमरावतीला, युनियनची कचेरी अकोल्याला, आणि आयुष्याचा मोठा भाग या दोहोंमधल्या गाडीत गेलेला. पण मी त्यांना सांगितले, की या खेपेला मी झिंग्यांवर बोलणार. चालक हसले. त्यांचा दोष नाही. आपल्या वऱ्हाडात झिंगा म्हणजे आठवडी बाजारातला सुका झिंगा, आणि त्याची भाकरीबरोबरची चटणी. झिंग्याचे लाड करणारा माणूस आपण पाहिलेला नसतो. तो आज आपल्यासमोर उभा आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि कामगारांच्या संगतीत. तेव्हा मी प्राणिशास्त्रज्ञ म्हणून बोलत नाही. एक चूक केलेला आणि त्या चुकीमुळे थोडे शहाणपण आलेला माणूस म्हणून बोलतो आहे.

आमच्या कचेरीत एका निवृत्त सोबत्याच्या मुलाने चाळीस लिटरची काचेची टाकी आणून ठेवली. तळाशी वाळू, तीत लावलेल्या पाणवनस्पती, एका दगडाला बांधलेले हिरवेगार शेवाळ, आणि त्यात लाल रंगाचे दहा-बारा झिंगे. बाजारात त्यांना चेरी श्रिम्प म्हणतात. मोठा झिंगा जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्यांचे मूळ रहिवासाचे ठिकाण चीन आणि तैवानमधले ओढे. रानातला झिंगा मातकट रंगाचा. हा लाल रंग माणसाने निवडून निवडून वाढवलेला. मादी अंडी पोटाखाली बाळगते, पायांनी त्यांना सारखा वारा घालते, आणि साधारण महिन्याभराने त्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पुरते झिंगेच बाहेर पडतात. वर्षभरात आमच्या टाकीत साठ-सत्तर झिंगे झाले. मोर्चाहून, वाटाघाटींहून डोके तापवून आलेला माणूस त्या टाकीपुढे पाच मिनिटे बसला की निवत असे. हा अनुभव माझा एकट्याचा नाही.

आता ही टाकी चालते कशी, ते सांगतो. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते, असे त्याला दिसले होते. मासा श्वासाने जे टाकतो ते वनस्पती घेते, वनस्पती जे टाकते ते मासा घेतो, आणि कुजलेली पाने गोगलगाय खाते. लोकांना ही कल्पना फार आवडली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडले. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली.

पण वॉरिंग्टनच्या हिशेबात एक कामगार नोंदवलेला नव्हता. झिंग्याची विष्ठा, उरलेले अन्न, सडलेले पान, या सगळ्यांतून अमोनिया निघतो. अमोनिया विषारी आहे. तरीही रुळलेल्या टाकीतले जीव मरत नाहीत, याचे कारण वाळूच्या कणाकणावर आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे सूक्ष्म जीवाणू. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते वनस्पती खातात. हे काम जीवाणू करतात हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते जीवाणू वेगळे काढून दाखवले. नव्या टाकीत ही कामगारवस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झिंगे आणू नयेत. आपण मात्र सकाळी टाकी घेतो आणि संध्याकाळी तीत जीव सोडतो. मग दुकानदाराला दोष देतो.

आता माझी चूक. एका वर्षी एक मेच्या आदल्या दिवशी कचेरीची साफसफाई चालली होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, बाहेरगावची मंडळी येणार. टाकीची काच आतून हिरवट झाली होती, पाणी पिवळसर दिसत होते. मी म्हटले, हीही स्वच्छ करू. नळाला त्या दिवशी पाणी नव्हते. अंगणातल्या बोअरचे पाणी होते, आणि ते स्फटिकासारखे स्वच्छ दिसत होते. मी टाकीतले जवळजवळ सगळे पाणी उपसले, वाळू धुतली, गाळणीचा स्पंज खळखळून धुतला, आणि बोअरच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी टाकी दुकानातल्यासारखी चकचकीत दिसत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक केले.

सकाळी झेंडावंदनाच्या वेळी झिंगे आडवे पडले होते. दुपारपर्यंत एकही उरला नाही. मेलेला झिंगा शिजवल्यासारखा गुलाबी-पांढरा दिसतो. साठावर जीव होते. मी भाषण केले, टाळ्या घेतल्या, आणि आत येऊन ते सगळे चमच्याने गोळा केले. अंडी घेतलेल्या माद्याही त्यांत होत्या.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. जलशुद्धीकरण केंद्रावर तुरटी आणि क्लोरीनच्या खोलीत त्यांची उमर गेली. ते आले, टाकीपाशी उकिडवे बसले, बोअरच्या पाण्याचा एक थेंब जिभेवर घेतला आणि मला म्हणाले, "भाऊ, तुमी पानी नाही बदललं, त्याइचं गाव बदललं. एका रातीत गाव बदललं तं मानूसबी टिकत नाही, हे तं झिंगे हायेत."

मागाहून मी क्षार मोजण्याचे पेनाएवढे यंत्र विकत घेतले. टाकीसाठी आम्ही साठवून ठेवत होतो त्या नळाच्या पाण्यात लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार निघाले. बोअरच्या पाण्यात अकराशेच्या वर. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखेच स्वच्छ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही पाचशेपर्यंतचे पाणी चांगले धरतात, आणि दुसरी सोयच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. झिंग्याला मात्र साधारण दीडशे ते तीनशे मानवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे असेल ते स्थिर असावे लागते. झिंग्याच्या अंगातले क्षार आणि बाहेरच्या पाण्यातले क्षार यांचा तोल तो सतत सांभाळत असतो. शिवाय वाढताना तो वरचेवर कवच टाकतो, आणि नवे कवच कडक होईपर्यंत अगदी असहाय असतो. पाणी एकाएकी बदलले की तोल मोडतो, अवेळी कवच सुटते, आणि त्यातच तो मरतो. त्यात मी स्पंज आणि वाळू धुऊन जीवाणूंची वस्तीही उठवली होती. म्हणजे एकाच दुपारी मी गावही बदलले आणि सफाई खातेही बंद केले.

या अपघातानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. नवे झिंगे आणले आणि ठरवले की आता पाणी बदलायचेच नाही. जेवढे उडेल तेवढी नळाच्या पाण्याची भर घालायची. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा ही दुसरी चूकच आहे. कारण पहिली चूक एका रात्रीत दिसते. दुसरी दिसायला महिने लागतात.

मंडळी, एक सोपा हिशेब करू. टाकी चाळीस लिटरची, पाण्यात लिटरला तीनशे मिलिग्रॅम क्षार. म्हणजे टाकीत एकूण बारा ग्रॅम क्षार. वैशाखात, वर पंखा लावलेला असताना, दिवसाला एक लिटर पाणी उडाले असे धरा. उडते ते नुसते पाणी. क्षार उडत नाहीत. त्या जागी आपण तसलेच एक लिटर पाणी घालतो, म्हणजे रोज तीनशे मिलिग्रॅम क्षार नव्याने घालतो. तीस दिवसांत नऊ ग्रॅम. बाराचे एकवीस झाले. पाण्याची पातळी तीच, पाणी तसेच स्वच्छ, आणि क्षार तीनशेवरून सव्वापाचशेवर! दोन महिने असेच चालले तर साडेसातशे. कोणी काही वाईट केलेले नाही. रोज इमानाने भर घातली, एवढेच.

ही गोष्ट वऱ्हाडच्या माणसाला तरी परक्याने शिकवायला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत आपला खारपाणपट्टा पसरला आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर इथली मंडळी सभेत असतील, त्यांना विचारा. विहिरीला पाणी आहे, पण ते पिता येत नाही आणि रानाला देता येत नाही. असे पाणी रानाला दिले की पाणी पीक पिते, ऊन पिते, आणि क्षार मातीत राहतो. पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. पाण्यातल्या सोडियमने काळी माती चिकटून बसते, निचरा होत नाही, आणि वाळली की दगडासारखी होते. म्हणून तिथला शेतकरी विहीर असूनही पावसावर शेती करतो, शेततळे खणतो. पिण्यासाठी वान धरणाचे पाणी नळाने आणावे लागते. अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना आपल्याला माहीत आहे. जी गोष्ट तिथे मातीत घडते, तीच माझ्या काचेच्या टाकीत घडत होती. जिथून पाणी फक्त उडते आणि काहीच वाहून जात नाही, तिथे खारपाण होणारच. मग ते चाळीस लिटरचे का असेना.

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा. भर घालणे वेगळे, बदलणे वेगळे. भर घालायची ती बिनक्षाराच्या पाण्याने: छतावरून धरलेले पावसाचे पाणी, किंवा घरी शुद्धीकरणाचे आरओ यंत्र असेल तर त्याचे पाणी. पावसाचे पाणी धरताना पहिल्या एक-दोन पावसांचे सोडून द्यावे, छत धुतले जाऊ द्यावे, मग झाकणाच्या पिंपात साठवावे. पण सबंध टाकी अशा पाण्याची करू नये, कारण कवचाला कॅल्शियम लागते. बदलायचे ते आधीच्या पाण्याच्या ओळखीच्या पाण्याने, आणि थोडे थोडे.

थोडे म्हणजे किती? आठवड्याला दहावा हिस्सा. चाळीस लिटरच्या टाकीला चार लिटर. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? पुन्हा हिशेब करू. समजा, दर आठवड्याला टाकीत एक माप नायट्रेट साचते, आणि दर आठवड्याला आपण दहावा हिस्सा पाणी काढतो. मग साठा वाढत वाढत दहा मापांपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. दहा मापांचा दहावा हिस्सा म्हणजे एक माप. जेवढे येते तेवढे जाते. पुढे दहा वर्षे गेली तरी साठा वाढत नाही. वनस्पती नायट्रेट खातात तो फायदा निराळा. उलट काहीच काढले नाही तर वनस्पती पुऱ्या पडेनाशा झाल्या की साठा वाढतच जातो. टाकीत जीव जास्त असतील तर पाचवा हिस्सा काढा, साठा पाच मापांवर थांबेल. नियमाने केलेल्या लहान कामाची ताकद ही अशी असते.

काढण्याची रीत अशी: बारीक नळीच्या तोंडाला स्पंजाचा तुकडा किंवा जुन्या मोज्याचे कापड बांधावे, नाहीतर पिल्ले ओढली जातात. नवे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, म्हणजे नळाच्या पाण्यातला मोकळा क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ येते, तेव्हा केंद्रावर तुरटी आणि क्लोरीन जास्त घालावे लागतात. अमरावतीचे पाणी सिंभोऱ्याहून अप्पर वर्ध्याचे येवो की अकोल्याचे महानहून काटेपूर्णेचे, नळाचे पाणी बारा महिने एकसारखे नसते. म्हणून दर खेपेला मोजावे. मग ते पाणी सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडावे, तासभर लागू द्यावा. बादलीतले आणि टाकीतले पाणी सारख्याच उष्णतेचे असावे. स्पंज धुवायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यात, हलक्या हाताने, महिन्यातून एकदा. नळाखाली कधीही नाही. सडलेली पाने काढावी, माजलेल्या वनस्पती कापाव्या, पुढची काच पुसावी. बाकीच्या काचांवरचे शेवाळ राहू द्यावे, ते झिंग्यांचे रान आहे. खाणे इतकेच घालावे की दोन तासांत संपावे. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे वाळून गळलेले पान धुऊन टाकले तर त्यावर ते आठवडाभर चरतात.

उन्हाळा हे आपल्याकडचे खरे संकट. झिंग्याला अठरा ते अठ्ठावीस अंश बरे. तिसाच्या पुढे तो हैराण होतो. आणि आपल्या अकोल्यात पारा शेहेचाळीसच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना सातही नाही. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. टाकी आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवावी, वर पंखा सोडावा, हवेचा पंप चालू ठेवावा. वीज गेली तर मगाने पाणी वर उचलून धार सोडावी. पंख्याने पाणी निवते ते उडूनच, तेव्हा त्या दिवसांत भर रोज घालावी, आणि ती कोणत्या पाण्याची, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. झिंगा हा किड्यांच्या दूरच्या कुळातला. किडा मारण्याचे औषध झिंग्यालाही मारते. घरात डासांचा फवारा मारला, फवारणी केलेला पालक नीट न धुता टाकीत टाकला, माशांच्या औषधातले मोरचूद पडले, की झिंगे जातात. आणि या औषधांचा विचार झिंग्यापाशी थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. चाळीस लिटर पाण्यासाठी आपण इतकी काळजी घेतो. पाठीवर पंप घेऊन रानात उतरणाऱ्या माणसाला हातमोजे, मुखपट्टी आणि दिवसाअखेर धुवायला साबण-पाणी मिळाले की नाही, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. हे मी विषय सोडून बोललो असे कोणाला वाटले तर त्याने क्षमा करावी.

आणखी एक विनंती. टाकीचा कंटाळा आला म्हणून हे परदेशी झिंगे किंवा वनस्पती वडाळीच्या किंवा छत्री तलावात सोडू नका. आपल्या ओढ्या-नद्यांना त्यांचे स्वतःचे जीव आहेत.

शेवटी थोडे माझ्या धंद्याविषयी. तीस वर्षांत मी मालकांकडून आणि कधी आमच्या पुढाऱ्यांकडूनही दोनच प्रकार पाहिले. एक, वर्षानुवर्षे थोडी थोडी भर घालत राहायचे आणि तळाशी साचलेले कोणी काढायचे नाही. दुसरा, एके दिवशी चिडून सगळेच उपसून टाकायचे. पहिल्यात माणसे हळूहळू खारावतात, दुसऱ्यात एका रात्रीत मरतात. तिसरी वाट कंटाळवाणी आहे: दर आठवड्याला थोडे जुने काढायचे, थोडे नवे घालायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. तिला हार-तुरे मिळत नाहीत. धरणाच्या उद्घाटनाला मंत्री येतात. गळती झालेला नळाचा सांधा रात्री दोन वाजता बदलणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही.

ज्या पूर्णेच्या दोन्ही अंगांना आपले खारपाण आहे, तिच्याच काठी ऋणमोचनला गाडगेबाबा हातात खराटा घेऊन घाट झाडीत असत. शेंडगावला जन्मलेला हा माणूस १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर गेला, तोवर झाडतच होता. झाडलेली जागा उद्या पुन्हा घाण होणार, हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक होते.

माझ्या टाकीत आज पुन्हा पन्नासएक झिंगे आहेत. दर रविवारी सकाळी चार लिटर पाणी निघते. ते मी मोरीत ओतत नाही, कचेरीच्या दारातल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घालतो. नायट्रेट त्यांना मानवते. मोगरा यंदा पुष्कळ फुलला आहे. अकोल्याला आलात तर जरूर पाहून जा.